रिपोर्ट तोच, पण वय कितीचं ते बघा ना

चवथीच्या तोंडावर माटोळीचं (गणपतीच्या वर रानफळं-पानं बांधतात ती चौकट) सामान आणायला डिचोलीच्या बाजारात गेले होते, हातात कांगलां, सुपारीचा घड आणि त्यात मावसबहिणीचा फोन, आवाज रडवेला. वय तिचं ५१. चेकअपमध्ये एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसची, टेस्ट केली ती पॉझिटिव्ह आली, मग मोबाइलवर वाचलं की हा व्हायरस शरीरसंबंधातून लागतो. झालं! "लग्नाला २८ वर्षं झाली गो, मग हे आत्ता आलं कुठून?" भावोजींशी दोन दिवस अबोला, त्या बिचाऱ्यांना कळेना आपलं काय चुकलं.

मी म्हटलं अगो थांब जरा. ही लागण बहुतेकींना तरुणपणीच होते. अमेरिकेत २००३-०४ मध्ये बायकांची तपासणी झाली त्यात २० ते २४ वयात ४४.८ टक्के जणींना एचपीव्ही सापडला, आणि ५० ते ५९ मध्ये १९.६. म्हणजे विशीत लागतो आणि साधारण दोनेक वर्षांत बहुतेकींचा आपोआप जातो, कळतसुद्धा नाही. म्हणूनच डब्ल्यूएचओ सांगते की साधारणपणे ही टेस्ट तिशीपासून करा, बाविशीच्या पोरीची केली तर नुसता घोर. पण सगळीकडे असंच नाही हां, काही देशांत पाळी जायच्या सुमाराला आकडा परत वर चढतो आणि आपल्या तमिळनाडूत दिंडिगुलच्या गावांमध्ये बघितलं तर प्रमाण सगळ्या वयात जवळपास सारखंच निघालं. पुरुषांमध्येही वयाप्रमाणे फारसं खाली येत नाही, पण त्यांची अशी नेहमीची टेस्टच नसते, बरे सुटतात!

आणि कधी कधी व्हायरस वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो, प्रतिकारशक्ती कमी झाली की टेस्टमध्ये दिसतो. त्यामुळे ५१ च्या रिपोर्टवरून लागण गेल्या वर्षीची की लग्नाआधीची हे कोणी सांगू शकत नाही, भावोजींवर खटला भरायला तो पुरावा नव्हेच.

फक्त या वयात पॉझिटिव्ह आलं तर व्हायरस ठाण मांडून बसलेला असायची शक्यता जास्त, आणि कॅन्सरची भीती त्या न जाणाऱ्या लागणीचीच, तीही १५-२० वर्षं घेते. पुढची तपासणी टाळायची नाही, असं मी तिला दोनदा बजावलं.

कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं मुख भिंगातून बघायची तपासणी, मंगळवारी आहे. भावोजीच गाडीने नेणार. अबोला कशावरून होता ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.