टॉर्चने मदत मागताना अंधारही मोजा

संकटात सापडलेला माणूस टॉर्चचं बटण भराभर दाबत सुटतो. लांबून पाहणाऱ्याला ती नुसती लुकलुक वाटते. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीआडचा दिवाही तसाच दिसतो. खूण ओळखू येते ती मधल्या ठरावीक अंधारामुळे.

एसओएस ही मदत मागण्याची खूण म्हणजे तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड उजेड. १९०६ च्या बर्लिन परिषदेत बिनतारी संदेशांसाठी ही खूण ठरली आणि १ जुलै १९०८ पासून लागू झाली. ती कुठल्याही शब्दांची आद्याक्षरं नाहीत. हिशेब सोपा आहे: आखूड उजेड एक मात्रा, लांब तीन मात्रा, दोन उजेडांमध्ये एक मात्रा अंधार. नऊही उजेड सलग द्यायचे, तीन-तीनच्या गटांमध्ये (एस, ओ, एस या अक्षरांमध्ये) वेगळी फट नको. एक मात्रा एका सेकंदाची धरली तर सगळं २३ सेकंदांत होतं. मग निदान सात सेकंद पूर्ण अंधार, आणि पुन्हा पहिल्यापासून. चुकतं ते लांब उजेडात. घाईत तो दीड मात्रेवर येतो आणि नऊही सारखेच दिसतात. म्हणून मनात ‘एक-दोन-तीन’ मोजा.

हे लक्षात राहणार नसेल तर डोंगरातली खूण घ्या. १८९४ मध्ये क्लिंटन डेंट या गिर्यारोहकाने सुचवलेली ही पद्धत आहे: दर दहा सेकंदांनी एक, असे मिनिटाला सहा उजेड, मग एक मिनिट अंधार. दमलेल्या, गारठलेल्या माणसाला हीच जास्त जमते, असं आमचं मत.

बटणाशी झटू नका. मागच्या टोकाचं बटण अर्धवट दाबून उजेड येत असेल तर उत्तम. पण प्रत्येक दाबाला मोड बदलणारी टॉर्च (बहुतेक स्वस्त एलईडी अशाच असतात) मध्येच मंद होते किंवा थरथरू लागते. ती चालूच ठेवा आणि काचेपुढे तळहात किंवा टोपी आडवी धरा. मोबाइलची टॉर्चही अशीच वापरावी. तिचा उजेड पसरट असतो, त्यामुळे फार लांब पोचत नाही.

नेमासाठी मोकळा हात लांब करून दोन बोटांचा ‘व्ही’ करा. समोरचा दिवा किंवा माणूस त्या फटीत ठेवा आणि झोत त्याच फटीतून जाऊ द्या. धुक्यात झोत समोरच पांढरा होऊन विरतो. तिथे शिट्टीच बरी.

हेलिकॉप्टर जवळ आलं की झोत वैमानिकाच्या डोळ्यांवर नको, स्वतःच्या पायाजवळच्या जमिनीवर टाका.

डोंगरातल्या खुणेचं उत्तर मिनिटाला तीन उजेड, म्हणजे दर वीस सेकंदांनी एक, असं येतं. ते दिसलं तरी थांबू नका. शोधणाऱ्यांना दिशा तुमच्याच उजेडावरून धरायची असते.