तुम्ही विचारलंत म्हणून: रासायनिक खत बंद करू का?

"ऊस पहिल्यासारखा येत नाही. युरियानं रान मेलं. आता रासायनिक बंद करून नुसतं शेणखत आणि जीवामृत घातलं तर?" कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून शिरोळपर्यंत ज्याच्या बांधावर जाल तिथं हा प्रश्न येतोच. माझं उत्तर असं: खताची पोती एकदम बंद करू नका, आधी पाचटाला (उसाच्या वाळल्या पाल्याला) काडी लावायचं बंद करा. असं का, ते हिशोबानं बघू.

आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र (नायट्रोजन), 170 स्फुरद (फॉस्फरस), 170 पालाश (पोटॅश). एकरी नत्र धरलं तर 160 किलो. युरियाचं पोतं आता 45 किलोचं, त्यात 20.7 किलो नत्र. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे दहा टनांत 50 किलो. त्यातलं पहिल्या वर्षी पिकाच्या हाती लागतं ते जेमतेम तिसरा हिस्सा. थोडक्यात, एकरात हे दहा टन, म्हणजे चारेक ट्रॉल्या ओतल्या तरी त्या हंगामात एका युरियाच्या पोत्याहून कमीच नत्र मिळतं. सगळा ऊस शेणखतावर पोसायचा तर पहिल्या वर्षी एकरी शंभरेक टन लागेल. दोन म्हशींच्या गोठ्यावर ते होत नाही, आणि विकत घ्यायचं तर उसाचं बिल त्यातच जाईल.

जीवामृताचं तसंच. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. या सगळ्यातलं नत्र मोजलं तर पाव किलोही भरत नाही. जीवाणूंचं विरजण म्हणून ते खुशाल वापरा, पण विरजण लावायला आधी दूध पाहिजे. ज्या रानात कुजण्यासारखं काही उरलेलंच नाही तिथं ते जीवाणू खाणार काय?

मग शेणखत घालायचं कशाला? कर्बासाठी. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन) 0.40 टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी समजतात. मातीचे कण धरून ठेवणं, पाणी आणि अन्नद्रव्यं साठवणं, जीवाणूंना खाद्य देणं हे सगळं त्या कर्बाचं काम. दिलेला युरिया कर्ब नसलेल्या रानात टिकत नाही आणि आपण म्हणतो युरिया लागू पडेना. एकराच्या वरच्या वीतभर थराचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर 900 किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा. नुसता घालून भागत नाही, कारण घातलेल्यातला बराचसा वर्षभरात हवेत जातो. म्हणून एका हंगामात रान सुधारून देतो म्हणणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नका.

आता पाचट. एकरी तीन-चार टन निघतं, त्यात टनाहून जास्त कर्ब आणि 15 ते 20 किलो नत्र. काडी लावली की हे दोन्ही जवळजवळ सगळं जातं, राखेत थोडं पालाश नि स्फुरद उरतं. विकतचं शेणखत आणणारे घरचं पाचट का जाळतात हे मला आजवर उमगलेलं नाही.

तोड झाली की पाचट बुडख्यांवरून (जमिनीत राहिलेल्या बुंध्यांवरून) ओढून सरीत दाबून घ्या. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीबरोबर छाटा, उंच राहिले तर वरचे डोळे फुटतात आणि खोडवा (बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) कमजोर येतो. छाटलेल्या बुडख्यांवर बुरशीनाशक फवारा. पाचटावर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन शेणकाल्यात कालवून शिंपडा आणि पाणी द्या. युरिया टाळायचा नाही. पाचटात कर्ब भरमसाट आणि त्यामानानं नत्र फारच थोडं, त्यामुळं कुजवणारे जीवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात, खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटावर येतो. खोडव्याचं खत पाचटावर फेकू नका. बुडख्यापासून चार-सहा इंचांवर पहारीनं वीतभर खोल भोकं फुटाफुटाला पाडून त्यात घाला आणि मातीनं बुजवा. निम्मं तोडणीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, निम्मं साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला.

युरियाचा दोष नाही असं नाही, पण जास्त दोष तो घालण्याच्या पद्धतीत आहे. लागणीच्या उसाला नत्र चार हप्त्यांत द्यावं: लागणीला दहावा हिस्सा, दीड-दोन महिन्यांनी चाळीस टक्के, तीन-चार महिन्यांनी दहा टक्के आणि मोठ्या भरणीला (उसाच्या बुडाशी माती चढवताना) उरलेलं चाळीस. स्फुरद-पालाश निम्मं लागणीला, निम्मं भरणीला. काळ्या, चुनखडीच्या रानात युरिया वर फेकला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, आणि सरीत पाणी तुंबलं तर उरलेलं नत्र वायू होऊन निघतं. म्हणून मातीआड करायचा. भरणीनंतर ऊस हिरवागार दिसावा म्हणून पुन्हा पोतं फोडलं तर रस पातळ होतो, ऊस लोळतो, आणि गुऱ्हाळावर त्याचा गूळ नीट घट्ट बसत नाही.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या तांबड्या रानात गोष्ट वेगळी. तिथं पावसानं चुना आधीच धुऊन गेलेला, त्यात युरिया, अमोनियम सल्फेटनं आम्लता वाढत जाते. सामू (मातीचा पीएच) घसरला असेल तर परीक्षणाप्रमाणं चुना द्यावा लागतो, नुसत्या शेणखतावर भागत नाही. काळ्या रानात मात्र चुना आधीच आहे, तिथं ही भीती नको.

शिरोळ, हातकणंगलेकडं रान गेलं म्हणतात तिथं बहुतेक वेळा गुन्हेगार पाणी असतं. नदीकाठचं खोल काळं रान, पाटाचं मोकाट पाणी, निचरा नाही. खालचे क्षार वर येतात आणि पांढरी खपली धरते. अशा रानात पोती बंद करून काही होत नाही. आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाईप घालून निचरा. सामू 8.5 च्या वर असलेल्या चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) रानाला जिप्सम लागतं, पण निचऱ्याशिवाय टाकलेलं जिप्सम वाया. तिथं हिरवळीच्या खताला (हिरवं पीक मातीत गाडायला) ताग नको, धैंचा घ्या. एकरी 20 ते 25 किलो बी पेरायचं आणि 45 ते 50 दिवसांनी, फुलावर यायच्या सुमारास गाडायचं. त्यापुढं थांबलात तर खोड दोरखंडासारखं होतं आणि कुजत नाही.

शेणखत कुजलेलंच हवं. उकिरड्यातलं कच्चं उचललं तर त्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी रानात येतं. कारखान्याचा प्रेसमडही (रस गाळून उरलेला गाळ) गरम असताना टाकू नका, तीन-चार महिने ढीग लावून, उलथून मग टाका.

हे सगळं करण्याआधी माती परीक्षण. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी नमुना घ्या. बांध, झाड, उकिरडा सोडून नागमोडी चालत आठ-दहा जागी व्ही आकाराचा वीतभर खड्डा काढून कडेची माती खरवडा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. कर्ब भरपूर निघाला तर नत्र पाव हिस्स्यानं कमी करा. कमी निघाला तर पोती आहेत तशी ठेवा आणि दोन खोडवे पाचट गाडून पुन्हा माती तपासा.