टोप जरा सरकव

दुपारचे तीन. आषाढातली सर नुकतीच ओसरलेली, वीज गेलेली, आणि माजघरात कौलातून टोपात पडणारा थेंब: टण्ण. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टण्ण. पंखा चालू असता तर हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

गळती भर पावसात ऐकण्यात अर्थ नाही. मंगलोरी कौलांवर तेव्हा नुसता घोष असतो, आणि वर पत्रा घातलेला असेल तर शेजारी बसलेल्याचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. खरी वेळ सर थांबल्यानंतरची. रीपा आणि वासे पोटभर पाणी प्यायलेले असतात, ते सावकाश सोडत राहतात. फट दिसते त्याच्या बरोबर खाली टोप ठेवणारा फसतो. पाणी वाशावरून हातभर उतरतं, एखादी गाठ नाहीतर खिळा गाठतं आणि तिथून सुटतं. लहानपणी भांडी मांडायचं काम पोरांकडेच असे. 'टोप जरा सरकव' हे ऐकत ऐकतच आपण मोठे झालो.

भांड्याची निवड मात्र कोणी शिकवली नाही. प्लॅस्टिकची बादली बद्द वाजते. अॅल्युमिनियमचा टोप लादीवर ठेवला तर तळ दबतो आणि आवाज मरतो; तोच चुंबळीवर ठेवला की बूड मोकळं राहतं आणि टण्णमागे शेपूट येते. जलतरंग वाजवणाऱ्याला ठाऊक असतं, काठावर काडी मारली तर पाणी वाढेल तसा सूर उतरतो. कळशीत उलटं होतं. पाणी चढतं तशी आतली हवेची पोकळी आखूड होते आणि सूर वर चढतो. विहिरीवर कळशी भरत आली हे न बघता कळतं ते यामुळेच.

तळाशी बोटभर पाणी साचलं की टण्ण जातो आणि टुपुक येतो. हा आवाज थेंब आपटल्याचा नव्हेच. थेंबाने पाण्यात खड्डा पडतो, तो मिटताना खाली हवेचा इवलासा बुडबुडा अडकतो, आणि तो थरथरतो त्याचा हा आवाज. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवलं. कल्पना सुचली ती त्यांच्यातल्या एकाला, ब्राझीलमध्ये मित्राच्या गळक्या घरात. पाण्यात भांड्यांचा साबण घातला की पृष्ठताण कमी होतो, बुडबुडा अडकत नाही आणि गळती मुकी होते. झोपमोड होणाऱ्यांसाठी उपाय चांगला आहे. पण टोपात फडकं टाकून थेंबाचा गळा दाबणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

गळत्या दोन असल्या तर भाग्यच. एक मिनिटाला ६० थेंब सोडते, दुसरी ६१. आधी दोघी एकदम पडतात, मग एक हळूच पुढे सरकते, अर्ध्या मिनिटाने दोघी बरोबर आडव्या येतात, मिनिटाने पुन्हा जुळतात. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६५ मध्ये नेमकं हेच टेपवर केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात प्रवचन देणाऱ्या माणसाच्या आवाजाचा एकच तुकडा दोन टेपरेकॉर्डरवर गोल फिरवला. वेगात केसभर फरक, त्यामुळे शब्द एकमेकांवरून घसरत गेले. प्रवचनाचा विषय बायबलमधल्या नोहाचा महापूर, आणि रचनेचं नाव 'इट्स गॉना रेन'. पाऊस येणार म्हणे! मिरगात कौलं न परतलेल्या कोणत्याही घरात हे फुकट ऐकायला मिळतं.

अमेरिकन संगीतकार जॉन केजची ती प्रसिद्ध चार मिनिटं तेहतीस सेकंदांची रचनाही २९ ऑगस्ट १९५२ ला, अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या जंगलातल्या लाकडी सभागृहात पहिल्यांदा झाली. डेव्हिड ट्युडर पियानोपाशी बसला आणि त्याने एकही स्वर वाजवला नाही. केज नंतर सांगत असे, पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पाऊस वाजू लागला, तिसऱ्यात लोक कुजबुजत उठून जायला लागले. आपल्याकडे उठून जायची पंचाईत, बाहेर चिखल.

मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर फोन थेट लादीवर ठेवू नये, पावलं आणि पाट सगळे त्यात उतरतात. घडी घातलेल्या टॉवेलवर, टोपापासून हातभर लांब ठेवावा. गोंगाट कमी करायची सोय बंद करावी, नाहीतर फोन पागोळ्यांनाच गोंगाट समजून पुसून टाकतो. त्याचं तरी काय चुकलं? घरातलेही तेच म्हणतात.

"गो, टोप भरलो बघ!"

भरलेल्या टोपात थेंब पडला की शिंतोडे थेट भिंतीपर्यंत जातात. ओतून आलं पाहिजे. परत ठेवताना टोप दोन बोटं इकडेतिकडे होणार आणि पहिले दहा थेंब लादीवर.