लेहच्या फुटक्या पाइपापासून बेळगावच्या बंद घरांपर्यंत

आमच्या प्लंबिंगच्या दुकानाच्या काउंटरवर पाइपाचा एक तुकडा ठेवलेला आहे. एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, वीतभर लांब, मधोमध उभा फाटलेला. उन्हात वाळून उकललेली शेवग्याची शेंग असते ना, तसा. नवं गिऱ्हाईक तो हातात घेऊन बघतंच. पाण्यानं फाडलाय म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतं. बरोबरच आहे. बेळगावात डिसेंबरात गोठतं ते बाटलीतलं खोबरेल. पाणी गोठून पाइप फुटल्याचं इथं कोणाच्या आज्यानं ऐकलेलं नाही. तरी आमचा निम्मा धंदा आज त्या तुकड्यावर उभा आहे.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे पोरगं दहावी झालं की त्याचे पाय भरतीच्या मैदानाकडे वळतात. बहुतेक जण मराठा लाइट इन्फंट्रीत जातात, त्यांचं सेंटर बेळगावातच. मी 1989 मध्ये खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, लागलो आणि वाट्याला आला पाइप फिटरचा ट्रेड. घरी पत्रानं कळवलं तेव्हा वडिलांनी उलट विचारलं होतं, 'बंदूक देत न्हाईत काय रे?' बंदूकही दिली आणि पाइप पानाही दिला. पुढं आयुष्यभर भाकरी दिली ती पान्यानं.

नोकरीतले दोन हिवाळे लेहला गेले. साडेतीन हजार मीटर उंची, आणि जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्या आसपास. तिथं फिटरचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. दिवसा वापरलेल्या लाइनी रात्री रिकाम्या करायच्या आणि सकाळी ऊन आलं की पुन्हा भरायच्या. एकदा एक बराक महिनाभर रिकामी राहणार होती. तिची लाइन उतरवायचं, म्हणजे रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. मी मेन व्हॉल्व्ह बंद केला, खालचा नळ उघडला, पाणी पडायचं थांबलं तसा हात झटकून परत आलो. वरचा नळ उघडायचा राहिला. नळीत पाणी ओढून वरचं तोंड बोटानं दाबलं तर खालून थेंब पडत नाही, हे पोरंही जाणतात. तसंच झालं. वरून हवा शिरली नाही, म्हणून निम्मं पाणी पाइपातच लटकून राहिलं.

पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. लोकांना वाटतं, बर्फ जिथं झाला तिथंच पाइप फुटतो. पुष्कळदा तसं होत नाही. पाइपात बर्फाचं बूच बसतं, ते वाढत जातं आणि बूच व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला पुढं ढकलतं. त्या पाण्याला पळायला जागा नसते. दाब इतका चढतो की लोखंड उकलतं. म्हणून थंड मुलखात रात्री नळाची बारीक धार चालू ठेवतात. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दाबाला वाट मिळते.

आणि फुटलं तरी ते त्या दिवशी कळत नाही! बर्फच भोक बुजवून बसलेला असतो. महिन्यानं जवान परत आले, खोली तापवायची बुखारी पेटली, लाइन चालू केली, तेव्हा भिंतीतून पाणी आलं. बिस्तरे भिजले. हवालदारसाहेब मला एक शब्द बोलले नाहीत. हॅकसॉ हातात दिली, फाटलेला तुकडा कापायला लावला आणि म्हणाले, किट बॅगमध्ये ठेव. तो हा तुकडा.

पेन्शनवर आल्यावर 2007 मध्ये बेळगावातल्या शहापुरात एक गाळा भाड्यानं घेतला. मेहुण्याची जुनी स्कूटर, एक थ्रेडिंग डाय, दोन पाने, सूत-सफेद्याचा डबा, एवढंच भांडवल. पहिली काही वर्षं सगळे प्लंबर करतात तेच केलं. टाक्या बसवल्या, बोअरच्या मोटारी काढल्या-घातल्या, बाथरूम फोडली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. उधारीवर लिहिता येईल, पण ते दुःख सगळ्यांचंच आहे.

वळण आलं ते टिळकवाडीतल्या एका घरामुळे. म्हातारा-म्हातारी पुण्याला लेकाकडे महिनाभर गेलेले. शेजाऱ्याचा फोन आला की जिन्यावरून पाणी वाहतंय. कुलूप तोडून आत गेलो. वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ पूर्ण उघडा, बेसिनच्या जाळीवर साबणाची चकती बसलेली. खाली हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी, शिसवी कपाटाचे पाय फुगलेले. आजोबांना फोन लावला तर म्हणाले, "अहो, आम्ही निघालो तेव्हा नळाला पाणीच नव्हतं की ओ!"

बेळगावकराला यापुढं काही सांगावं लागत नाही. राकसकोप आणि हिडकलचं पाणी शहराला येतं. दहा वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी सुरू झालं, पण बाकीच्यांनी वर्षानुवर्षं पाळीनंच पाणी भरलंय. पाणी आलं का बघायला नळ फिरवायचा, आलं नाही की तसाच सोडून दुसऱ्या कामाला लागायचं, हा आपल्या हाताचा गुणच झालाय. घरात माणूस असलं की आवाज ऐकून धावतं. कुलूप असलं की ऐकणार कोण?

ते पाणी उपसताना मला लेहची बराक आठवली. तिथं थंडी होती, इथं नळाची पाळी. बाकी चूक तीच: घर सोडताना पाणी आत ठेवून गेले. त्या आठवड्यात एका जाड वहीवर 'बंद घरं' असं लिहिलं आणि पहिलं नाव त्या आजोबांचंच घातलं.

काम ऐकायला सोपं वाटतं. घर बंद होण्याच्या दिवशी जायचं, मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, टाकीचा आउटलेट बंद करायचा, आधी सगळ्यात वरचा नळ उघडायचा आणि मग सगळ्यात खालचा. फ्लश ओढून रिकामा करायचा. पाणी थांबलं की उघडलेले सगळे नळ आठवणीनं पुन्हा बंद. पण पहिली अडचण व्हॉल्व्हपाशीच येते. जुन्या घरांतला पितळी गेट व्हॉल्व्ह दहा-पंधरा वर्षं कोणी फिरवलेला नसतो. जोर लावला की स्पिंडल हातात येतो. म्हणून आम्ही नाव नोंदवतानाच तो बदलून बॉल व्हॉल्व्ह टाकतो आणि घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी पोरांनासुद्धा, एकदा फिरवायला लावतो. दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद. बऱ्याच घरांत मालकालाच मेन व्हॉल्व्ह कुठं आहे ते माहीत नसतं. एका घरात तो सापडला कोथिंबिरीच्या वाफ्याखाली.

आमची सर्वांत महागडी चूक गिझरची. हिंदवाडीतलं घर, मालक दुबईला. गिझर लटकवलेला पत्रा सडला होता, म्हणून टाकी पूर्ण रिकामी केली. नुसता नळ उघडून गिझर रिकामा होत नाही. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून निघतं आणि खालून गार पाणी आत आणणाऱ्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो पाणी उलट जाऊ देत नाही, त्यामुळे खालचं कनेक्शन सोडावं लागतं. ते सगळं नीट केलं. मालक ठरल्यापेक्षा चार दिवस आधी, रात्री दीडला आले, आणि प्रवासानं शिणलेला माणूस पहिलं काय करणार? गिझरचं बटण दाबलं. कोरडा एलिमेंट जळाला. पैसे आम्ही भरले. भरायलाच पाहिजे होते, सांगायचं काम आमचं होतं.

तेव्हापासून रिकाम्या गिझरच्या बटणावर लाल दोरीची चिठ्ठी बांधतो, मराठीत आणि कानडीत. माझ्याकडचा जुना मुलगा गोकाकचा, त्याची कानडी लिपी सुबक, म्हणून चिठ्ठ्या तोच लिहितो. पण खरं काम दोरी करते. घर उघडायला कधी मालकाचा जावई येतो, कधी झाडलोटीची बाई, कोणाला कुठली अक्षरं वाचता येतील सांगता येत नाही. लाल दोरी म्हणजे हात लावायचा नाही, एवढं सगळ्यांना कळतं.

पाणी तापवणाऱ्या सोलरचं उलट. व्हॅक्यूम ट्यूबचा सोलर रिकामा करून उन्हात ठेवला तर काचा प्रचंड तापतात, आणि मग भर दुपारी कोणी गार पाणी सोडलं की तडकतात. म्हणून सोलर भरलेलाच ठेवून वर कापड टाकतो, आणि रिकामा सापडला तर सूर्य उगवायच्या आत भरतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे नहाणी ट्रॅप. त्यात बोटभर पाणी असतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत. दीड-दोन महिन्यांत ते पाणी उडून जातं. घर उघडल्यावर लोक म्हणतात, उंदीर मेलाय. उंदीर-बिंदीर काही नसतो, ट्रॅप सुकलेला असतो. जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे तेल ओतायचं. तेलाची साय धरली की पाणी लवकर उडत नाही. शेंगतेल वापरा. खोबरेलाची थंडीत काय दशा होते ते वर सांगितलंच आहे.

पाणी गोठायचा प्रश्न मात्र बेळगावात बसून एकदा खरोखरच सोडवावा लागला. वहीतल्या एका निवृत्त सरांची मुलगी कॅनडात, विनिपेगला. भावाच्या लग्नाला डिसेंबरात पाच आठवड्यांसाठी येणार होती, आणि तिकडचं घर त्या काळात बंद. सर म्हणाले, तुम्ही लेहला होता, तेवढं तिला समजावून सांगा. आमच्याकडे रात्रीचे नऊ, तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. ती फोन हातात धरून तळघरात उतरली.

"काका, इथं तीन पाइप आहेत, कुठला?"

"मीटर कुठं दिसतंय? त्याच्या शेजारची दांडी बघ बाळ. आडवी कर."

मग वरच्या मजल्याचा नळ, मग तळघरातला. मधेच ती ओरडली, "काका, नळ फुस्स करतोय!" म्हटलं, करू दे, हवा शिरतेय. तोच आवाज मी लेहला ऐकायला विसरलो होतो. अंगणातल्या नळाची नळी काढून ठेवायला लावली, कारण नळीत पाणी राहिलं की तो नळ आधी जातो. हीटिंग पूर्ण बंद करू नकोस, पंधरा अंशांवर ठेव, असं सांगितलं. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायला सांगितली, म्हणजे बाहेरच्या भिंतीलगतच्या पाइपांना घरातली ऊब लागते. जिथं हीटिंगही बंद ठेवतात तिथं ट्रॅपमध्ये तेल चालत नाही, पाइपांसाठीचं गुलाबी अँटीफ्रीझ ओततात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीतलं घ्यायचं नाही, ते विषारी. शेवटी विम्याचे कागद बघायला लावले. तिकडच्या बऱ्याच पॉलिसींत अट असते की हिवाळ्यात काही दिवसांहून जास्त घर बंद ठेवायचं तर कोणीतरी येऊन बघितलं पाहिजे, नाहीतर पाणी उतरवलेलं पाहिजे. तिच्या कागदात ती अट निघाली. शेजारणीला किल्ली द्यायचं ठरलं.

आणि गोठलंच तर काय करायचं, हेही विचारलं तिनं. नळ उघडा ठेवायचा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळाच्या बाजूनं गुंडाळत मागे मागे जायचं. ब्लोलॅम्प लावायचा नाही. मधेच वाफ कोंडली की पाइप उडतो, आणि त्यांची घरं पुष्कळदा लाकडाची.

लग्नात सरांनी कुंद्याचा अर्धा किलोचा डबा हातात ठेवला. फी विचारली होती, मी नको म्हटलं. बायको अजून म्हणते, घ्यायला पाहिजे होती.

आज वहीत चाळीसेक घरं आहेत. निम्मे मालक पुण्या-मुंबईचे, काही आखातातले, आणि पाच-सहा सैन्यातले, ज्यांना मला काही समजावून सांगावं लागत नाही. किल्ल्यांवर आम्ही नाव लिहीत नाही, नुसता नंबर. नंबर कुणाचा, ते वहीत. वही दुकानात ठेवत नाही, हेही इथंच सांगून ठेवतो. पंधरा दिवसांतून एकदा पोरं घर उघडून मीटरचा आकडा वहीत टिपतात. घर बंद असताना आकडा पुढं सरकला, तर मीटर आणि व्हॉल्व्हमधल्या तुकड्यात कुठंतरी गळतंय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हे जमलं नाही. तीन महिन्यांनी गेलो तर वडगावच्या एका घरात उंदरानं वॉशिंग मशीनची नळी कुरतडलेली होती. आत पाणीच नव्हतं, म्हणून फरशी कोरडी.

उद्या हिंदवाडीचं तेच गिझरवालं घर उघडायचं आहे. मालक मुंबईच्या रात्रीच्या बसनं साडेसहाला उतरतील. गोकाकचा पोरगा पाचला जाईल, आधी सोलर बघेल, मग मेन अर्धाच उघडून लाइन हळूहळू भरेल, वरचा नळ फुसफुसायचा थांबेपर्यंत. गिझर भरला की लाल दोरी सोडून खिशात घालेल. या वेळी मालकांनी स्वतःच फोन करून सांगितलंय, एक दिवस आधी येतोय म्हणून.