उचलून कोण नेईल?

आज दिवसभर ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेकाठच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर होते. पावसाळ्याआधीची यादी करायला: कोण म्हातारं, कोण गरोदर, कोणाला चालता येत नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि पाणी घरांत शिरलं, ते कोणीच विसरलेलं नाही. एका ताईने भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. माझ्या खांद्याएवढी.

पुढच्या घरात आजी. दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाल्या, "नाव लिवून घेतलं, बरं केलं बाई. पन पानी आलं तं मले उचलून कोन नेईन?"

माझ्या फॉर्मात तो रकानाच नव्हता. शेजारच्या पोरांना हाक मारली, खाटेला बांबू बांधले आणि आजींना शाळेपर्यंत नेऊन पाहिलं. पायऱ्यांवर खाट अडकली. शाळा उंचावर, म्हणून तिथे निवारा. पण वर चढायचं कसं, हे कोणी पाहिलंच नव्हतं. मीही नाही.

जागा अतिक्रमणातली, म्हणून यांना घरकुल मिळत नाही. पंचनाम्यालाही आधी कागद मागतात. पूर कागद विचारून येतो का हो? फार जीव तुटतो.

उद्या ग्रामपंचायतीत रॅम्पचं बोलायला जातेय. निघताना आजींनी हात धरून विचारलं, "पानी लागाच्या आंदी होईन ना?"