व्ही-क्रॉसची उंची वाढवताना : इंचांच्या आधी किलो

मागच्या नोंदीत सस्पेन्शनला हात न लावता केवळ टायर मोठे घालण्याचा बेत मी मांडला होता. तो बेत फेब्रुवारीत बारगळला आणि त्यानंतरचे चार महिने लिफ्ट किटची (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा, पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या संचाची) माहितीपत्रके, वजनकाट्याच्या पावत्या आणि मोजपट्टी यांच्या संगतीत गेले. आता किट बसले आहे, एकदा उकलून पुन्हा आवळलेही आहे, आणि पावसाच्या तोंडावर ही नोंद लिहिण्याइतकी खात्री झाली आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख थोडक्यात देतो. ही २०१७ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, म्हणजे आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यात २०१६पासून बनू लागलेल्या पहिल्या पिढीतली, २.५ लिटर डिझेल इंजिनाची आणि २४५/७० आर १६ टायरांची. पुढे दुहेरी विशबोन व कॉइल स्प्रिंग, मागे सलग आस आणि पाटे, अशी तिची रचना आहे. वर्षातले नऊ महिने ती पुण्यात रिकाम्या हौद्यानिशी धावते, एप्रिल-मे महिन्यांत संगमेश्वरकडच्या आमच्या बागेतून आंब्याच्या पेट्या आणते, आणि पावसाळ्यात रविवारी वेल्ह्याच्या बाजूला चिखलात लोळते. अडचण बागेच्या वाटेवर होती. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा पोटाला घासत असे, आणि शेवटच्या वळणावरची जांभ्याची पायरी उतरताना बाजूची पावठी हमखास खरवडली जाई.

काहीही विकत घेण्यापूर्वी मी गाडी मोजली. सपाट फरशीवर उभी करून, चारही टायरांत ३२ पीएसआय हवा भरून, प्रत्येक चाकाच्या वर मडगार्डच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि हबच्या मध्यापासून त्या कडेपर्यंतचे अंतर त्या तुकड्यावरच पेन्सिलीने लिहिले : पुढे उजवीकडे ४७४ मिलिमीटर, डावीकडे ४८१, मागे उजवीकडे ५२२, डावीकडे ५२५. जमिनीपासून मोजण्याऐवजी हबपासून मोजण्याचे कारण असे, की टायरची झीज आणि हवा यांचा हिशेब त्यातून आपोआप वगळला जातो. चालकाची बाजू सात मिलिमीटरने बसलेली आहे, हे इतकी वर्षे रोज गाडी पाहूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

उंची वाढवल्याने काय मिळते आणि काय मिळत नाही, याविषयी आपल्या मंडळींत अजूनही घोळ आहे. मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा दातेरी चक्रांचा गोळा) आसावरच असल्यामुळे स्प्रिंग कितीही उंच घातली तरी त्याच्या खालची जागा एका केसानेही वाढत नाही. ती फक्त टायर वाढवतो. २४५/७० आर १६चा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर आणि २६५/७० आर १६चा ७७७, म्हणजे डिफरन्शियल उचलला जातो तो त्या फरकाच्या निम्म्याने, १४ मिलिमीटर. त्या बदल्यात काटा १०० दाखवत असताना गाडी मूळ टायरांच्या तुलनेत सुमारे पावणेचार टक्के अधिक वेगाने जात असते. लिफ्टने उचलला जातो तो सांगाडा आणि पोट. ३०९५ मिलिमीटर चाकांतराच्या या लांबलचक गाडीत पोटाची उंची ४० मिलिमीटरने वाढली, तर उंचवटा ओलांडण्याचा कोन साधारण तीन अंशांनी सुधारतो. माझा त्रास पोटाचा होता, डिफरन्शियलचा नव्हता, त्यामुळे टायरांचा बेत मागे पडला.

यानंतर मी वजनकाट्यावर गेलो, आणि किट निवडणाऱ्या प्रत्येकाने पैसे मोजण्यापूर्वी हे करावे असे मला आग्रहाने सांगायचे आहे. तालुक्याच्या गावातल्या काट्यावर आधी फक्त पुढची चाके चढवली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. काटेवाल्याने मालाच्या रकान्यात काय लिहू असे विचारले, आणि मी काहीच नाही म्हटल्यावर तीन पावत्या कशाला हव्यात, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. टाकी पूर्ण भरलेली आणि मी आत बसलेला असताना पुढे ११६० किलो व मागे ८६० किलो भरले. मग हंगामातल्याइतका भार, म्हणजे बारा पेट्या, दोर आणि ताडपत्री, चढवून पुन्हा गेलो, तेव्हा पुढे ११४० आणि मागे ११५० भरले. म्हणजे हौद्यात २७० किलो चढल्यावर मागचा आस २९० किलोंनी जड झाला आणि पुढचा २० किलोंनी हलका झाला, कारण भाराचा मध्य आसाच्या किंचित मागे होता.

ही आकडेवारी हाती आल्यावर माहितीपत्रके वेगळ्याच प्रकारे वाचता येऊ लागली. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन, टफ डॉग आणि डॉबिन्सन्स ही चारही नावे ऑस्ट्रेलियाची आहेत, आणि तिथल्या पिकअपच्या पुढे लोखंडी बुलबार (धडक सोसणारी चौकट) व बऱ्याचदा विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) असते, हे त्यांच्या तक्त्यांत गृहीत धरलेले असते. आपल्याकडे २०१७च्या अखेरीस केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुलबारांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले, त्यामुळे आपल्या गाड्यांच्या नाकावर ते ओझे नसते. बुलबारसाठी आखलेली स्प्रिंग मोकळ्या नाकाखाली घातली की ती दबतच नाही. चाळीस मिलिमीटर सांगितलेली लिफ्ट साठ-पासष्ट होते, खड्ड्यात चाक खाली लोंबकळायला जागा उरत नाही, आणि प्रत्येक गतिरोधकावर शॉक पूर्ण ताणला जाऊन ठक्क असा आवाज येतो. त्या तक्त्यातली सर्वांत हलकी स्प्रिंग घेणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते, पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तीच योग्य ठरते.

पुढच्या बाजूसाठी मला आधी सुचवला गेला तो स्वस्त मार्ग, म्हणजे शॉकच्या डोक्यावर बसवायची जाड चकती. एका गॅरेजने तर थेट ७५ मिलिमीटरचा संच गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला, आणि ॲक्सलचे काय होईल या प्रश्नाला ‘सगळे हेच घालतात’ यापलीकडे उत्तर दिले नाही. चकतीचा हिशेब असा की शॉक खालच्या आर्मच्या, म्हणजे विशबोनच्या, मध्यावर कुठेतरी टेकतो, त्यामुळे वर घातलेले २५ मिलिमीटर चाकापाशी जवळपास दुप्पट होतात. मूळ शॉकची लांबी मात्र बदलत नाही. चाक वर जाण्याची मर्यादा तीच राहते आणि सगळा संच खाली ढकलला जातो, त्यामुळे चाक हवेत लोंबले की सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा ॲक्सलचा सांधा), बॉल जॉइंट आणि वरचा आर्म यांना आखलेल्या मर्यादेबाहेर जावे लागते. साधारण ५० मिलिमीटरच्या पुढे गेले की सीव्हीचे रबरी बूट घड्यांमध्ये घासून फाटू लागतात आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फवारले जाते. मग डिफरन्शियल खाली उतरवण्याचे तुकडे आणि कॅस्टर (वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ करणारा कल) परत मिळवण्यासाठी नवे वरचे आर्म घ्यावे लागतात, आणि स्वस्त मार्ग महाग मार्गाला मागे टाकतो. मी चाळीसवर थांबायचे ठरवले, त्याचे मुख्य कारण हेच आहे. मूळ आर्म आणि मूळ ॲक्सल एवढे निमूटपणे सोसतात.

मागच्या बाजूचा विचार करायला मात्र मला सर्वाधिक वेळ लागला. पाट्यांखाली ठोकळा घालणे सोपे असले, तरी त्यामुळे जोर लावताना आस पीळ घेतो. लांब शॅकल (पाट्याचे टोक सांगाड्याला टांगणारी पट्टी) घातले तर शॅकलची लांबी जितकी वाढते त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि डिफरन्शियलचे तोंड फिरते. जुन्या पाट्यांत एक नवा पाटा सरकवणे हा आपल्याकडच्या पाटेवाल्यांचा आवडता उपाय आहे आणि तो भाराला चांगला तोलतोही, पण लाखभर किलोमीटर चालून मऊ झालेल्या पाट्यांत एक कडक पाटा घातला की रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते. राहिला पूर्ण नवा संच. त्यात ‘रिकामी’, ‘मध्यम’ आणि ‘सतत ३०० किलो’ असे पर्याय होते, आणि विक्रेता, मित्र व माझा स्वतःचा मोह हे तिघेही तिसऱ्याकडे ओढत होते. वजनकाट्याच्या पावत्यांनी मला त्यातून सोडवले. माझा भार वर्षातून जेमतेम वीस दिवसांचा आहे. उरलेले दिवस मी आणि आई रिकाम्या गाडीत बसणार. म्हणून मी मध्यम संच घेतला, ज्यात वरचे पाटे रिकाम्या गाडीला वाहतात आणि भार चढल्यावर खालचा जाड पाटा कामाला लागतो. जड पाट्यांमुळे गाडीचे अधिकृत एकूण वजन वाढत नाही, ही गोष्टही इथे नोंदवून ठेवतो, कारण आस, ब्रेक आणि सांगाडा तेच असतात.

शॉकच्या बाबतीत नायट्रोजन भरलेला दुहेरी नळीचा घ्यावा, आतल्या गॅसच्या जागी फोम असलेला घ्यावा की एकेरी नळीचा, यावर मी दोन आठवडे घालवले, आणि आता ते वाया गेले असे वाटते. लांबच लांब खडबडीत रस्त्यावर तासन् तास धावताना तेल तापून शॉक ढिला पडतो, तेव्हा हे फरक जाणवतात. ताशी दहाच्या वेगाने चिखल तुडवणाऱ्याला ते क्वचितच कळतील. वर उल्लेखलेल्या चौघांपैकी एकाचा नायट्रोजनचा साधा दुहेरी नळीचा संच मी घेतला.

कायद्याची बाजू टाळून पुढे जाणे योग्य नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल मना करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच अधोरेखित केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली आणि मूळ स्प्रिंगा, शॉक व पाटे चिठ्ठ्या लावून गोणपाटात बांधून ठेवले आहेत. इतरांनी आपापल्या परिवहन कार्यालयात विचारूनच पाऊल टाकावे.

किट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दीड दिवसात बसले. चालकाच्या बाजूचे बसलेपण घालवण्यासाठी उजव्या शॉकवर ५ मिलिमीटरची चकती घातली. पाटे आसाला आवळणारे यू-बोल्ट नवेच घेतले, कारण एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. संध्याकाळी मोजले तेव्हा पुढे उजवीकडे ५३० आणि डावीकडे ५२९ आले, आणि ठरवल्यापेक्षा आठ-नऊ मिलिमीटर फुकट मिळाले म्हणून मी खूश झालो. दोन दिवसांनी उलगडा झाला. मिस्त्रींनी खालच्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच आवळले होते. त्या अवस्थेत बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या अस्तराचे, रबर जखडले जाते. गाडी जमिनीवर टेकली की ते पिळवटते, गाडीला खोटेच वर धरून ठेवते आणि काही महिन्यांत फाटते. पुन्हा जाऊन बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी करून दोनदा दाबून हलवली, आणि मगच टॉर्क पान्याने आवळले. बोल्ट सैल होताना रबराचा करकर आवाज आला आणि नाक डोळ्यांदेखत खाली बसले. आता पुढे उजवीकडे ५२२ आणि डावीकडे ५२१ आहे. मागे रिकाम्या गाडीत ५६८ आणि ५७०.

दुसरी तक्रार थरथरीची होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस ते चाळीसच्या दरम्यान, आसनाखालून बारीक थरथर येत असे आणि वेग वाढला की नाहीशी होई. या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या आसापर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा असून मधल्या बेअरिंगवर टांगलेला आहे. मागचा भाग उचलला की मागच्या तुकड्याचा कोन बदलतो. मधले बेअरिंग लहान तुकडे घालून किंचित खाली घेतल्यावर थरथर गेली. त्याच वेळी चाके पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि हेडलाइटचा झोत खाली आणला. कॅस्टर मर्यादेत आहे, पण खालच्या टोकाला. वळणानंतर स्टीअरिंग पूर्वीपेक्षा जरा आळसाने सरळ होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्या आणल्या. बारा पेट्यांनिशी मागची उंची ५३७ भरली, म्हणजे भरलेली गाडी आता पूर्वीच्या रिकाम्या गाडीपेक्षाही १२-१५ मिलिमीटर वर आहे. जांभ्याच्या पायरीवर पावठी टेकली नाही. चाकोरीतला उंचवटा एका ठिकाणी लागला, पण हलकेच. काका मात्र नाराज आहेत. पहिली पेटी उचलून हौद्याच्या फळीवर टेकवताना ते थांबले आणि म्हणाले, “गाडी उचललीस ती उचललीस, आता मलापण जरा उचल.” त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, चार-साडेचार सेंटिमीटर मोजपट्टीवर किरकोळ वाटतात, वीस किलोंची पेटी हातात असताना ते खांद्याला कळतात. पुढच्या हंगामासाठी जांभ्याच्या चिऱ्यांचा एक ओटा बांधायचे ठरले आहे.

यू-बोल्ट ५०० किलोमीटरवर एकदा आवळले, तेव्हा चारही पाव फेरा फिरले. १००० किलोमीटरवर मात्र एकही हलला नाही. डाव्या आतल्या सीव्ही बूटच्या तिसऱ्या घडीवर एक चकाकणारी रेघ दिसते आहे. ती ग्रीसची नसून घासण्याची असावी, असे बोट फिरवून वाटले. तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आहेत. रेघ लांबली का, ते पोळ्याच्या सुमारास पुन्हा गाडीखाली झोपून पाहीन.