"अगं, नाव कुठंय?"

तीन रविवार गिम्प या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून ५०० बाय १५० पिक्सेलची सही-पट्टी केली, म्हणजे फोरमवर आपल्या पोस्टखाली दिसणारं नावाचं चित्र. मागे पावसातल्या सिंहगडाचा फोटो, त्यावर माझं नाव, नावाला सावली, सावलीला चकाकी. स्वतःच्याच कलाकारीच्या प्रेमात पडले होते म्हणा ना.

आज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवली. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि म्हणाले, "अगं, नाव कुठंय?"

मग पंधरा मिनिटं शाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवताना शिरोरेषाच तुटली होती, माझ्या लक्षातही नाही. वेलांटी बुरुजात हरवलेली. "डोळे बारीक करून बघ. जे दिसत नाही ते मोठं कर, नाहीतर पुसून टाक." चकाकीबद्दल काही बोलले नाहीत, नुसते हसले. तेच जास्त लागलं.

आत्ता साडेअकरा वाजलेत. चकाकी उडवली, फोटो धूसर केला, शिरोरेषा जोडली, नाव ठळक केलं. जेपीजीऐवजी पीएनजीत सेव्ह केल्यावर अक्षरांच्या कडेचा मळकटपणाही गेला. सावली मात्र ठेवलीय. उद्या काकांना परत दाखवते, बहुतेक तीही जाईल.